तयार दिवा

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागच्या बोळात
याकूब मिरकर ट्रॉलरच्या बॅटऱ्या बघतो.
आमची गाडी पूर्वाश्रमीची शाळेची;
मागच्या पत्र्यावर कर्कटकाने कोरलेलं
‘सायली गाढव आहे’ अजून गेलेलं नाही.
बाकं काढून तिथे दोन पलंग, एक शेगडी, बाबांची औषधं.

"दुसरी बॅटरी कशाला? फ्रीज?"
श्वासाला, मी म्हटलं.
बाबा झोपेत श्वास घ्यायचे विसरतात.
नाकावर मास्क, आणि एक यंत्र रात्रभर हवा ढकलत राहतं.
काल आंजर्ल्याला ते पहाटे चारपर्यंत चाललं.
मग मी जागी, त्यांच्या छातीवर हात ठेवून.
उजाडल्यावर किल्ली फिरवली तर नुसतं टक्. टक्.
चौघांनी गाडी ढकलली.
एकाच्या हातात सुरमई होती, ती त्याने खाली ठेवली नाही.

याकूब म्हणाला, "आधी बांगडी काढा."
मी काढेना. त्याने डावं मनगट पुढे केलं:
गोल, पांढुरका, गुळगुळीत डाग.
"पाना प्लसला, घड्याळाचा पट्टा बॉडीला.
लग्नातलं घड्याळ. पाच मिनिटं कमी होती जेवायला."
साबण लावून बांगडी निघाली.

याकूब म्हणतो मायनस, बाबा म्हणतात ऋण.
ते आधी सोडायचं, आणि जोडायचं सगळ्यात शेवटी.
"मी जन्मभर उलटं केलं," बाबा म्हणाले,
उपड्या मासळीच्या क्रेटवर बसून.

पलंगाखाली पेटी. पेटीला पट्टे, पट्ट्यांना बोल्ट,
"घाटात ब्रेक दाबलात तर तीस किलो
तुमच्या मानेवर यायला नको."
पेटीतून एक नळी, गाडीच्या तळातून बाहेर.
भरताना हीसुद्धा श्वास सोडते;
तो आत कोंडला तर ठिणगी पुरे.
पत्र्याला भोक पाडून त्यात रबराची रिंग,
नाहीतर पत्र्याची धार महिनाभर वायर कुरतडते
आणि कुणाला पत्ता लागत नाही.
फ्यूज प्लसपासून वीतभरावर.
मी दोन हात लांब, सोयीच्या जागी म्हटलं
तर माझ्याकडे असा बघितला
जसं मी पोर विहिरीच्या काठावर झोपवायला सांगतेय.
मधोमध रिले, काडेपेटीएवढा.
इंजिन चालू तोवर दोघी एकत्र खातात.
इंजिन बंद, की वेगळ्या.
रात्रीची भूक सकाळच्या ताटाला लागत नाही.

बाबा एकतीस वर्षं दीपगृहांवर होते.
"फिरता दिवा सगळा समुद्र बघतो," ते म्हणाले.
"मी दुसरा बघायचो. न लावलेला.
रोज पुसायचा, रोज तपासायचा.
एकतीस वर्षांत चारदा लागला."
याकूब टर्मिनलला व्हॅसलीन फासत होता, बोटाने,
खाऱ्या वाऱ्यासाठी.
"चारदा म्हणजे पुष्कळ," तो म्हणाला.

त्या रात्री केळशीला, सुरूच्या बनाबाहेर.
यंत्राचा आवाज, त्यामागे भरतीचा,
कधी एक पुढे, कधी दुसरा.
मी दोनदा उठून पेटीवर हात ठेवला. थंड.
वायर चाचपली. थंड.
मीटरवर बारा पूर्णांक पाच, हिरव्यात.
तिसऱ्यांदा उठले नाही.

सकाळी गाडी पहिल्या फिरकीत लागली.
बाबांनी मास्क काढला, गालावर त्याचे वळ,
आणि विचारलं, "बांगडी?"

याकूबच्या साबणाच्या डबीत.
अंगावर तेवढं एकच सोनं होतं, आणि मला
रात्रभर त्याची आठवण झाली नव्हती.
वळवली गाडी. चहाला वाटेत थांबलो, इंजिन बंद करून.